स्टुडिओसाठी एलईडी घ्यायचा का फ्लॅश? साज, चप्पल आणि पैलवान

कोल्हापुरात छोटा स्टुडिओ टाकणारा प्रत्येकजण हेच विचारतो, कंटिन्युअस लाइट, म्हणजे सतत चालू राहणारा एलईडी घेऊ, का क्षणभर चमकणारा फ्लॅश, आणि मग सगळी चर्चा ब्रँडवर जाते. माझं मत आधीच सांगतो, कॅमेऱ्यासमोरची गोष्ट हलते का नाही हे बघा, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

गुजरीतल्या सराफांची कामं घेणार असाल, साज, ठुशी, नाहीतर हुपरीची चांदी, तर बिनधास्त एलईडी घ्या. दागिन्यात आपण सोन्यापेक्षा सोन्यात पडलेलं प्रतिबिंबच जास्त शूट करतो, सॉफ्टबॉक्सची, म्हणजे उजेड मऊ करायला लाइटपुढं लावतात त्या कापडी पेटीची, पांढरी कड मण्यावर कुठं बसली, कुठं काळं राहिलं हे चालू लाइटमध्ये डोळ्याला दिसतं, पांढरं कार्ड दोन बोटं सरकवलं की लगेच फरक कळतो. स्टुडिओ फ्लॅशला मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे उजेड कुठं पडेल ते दाखवणारा चालू दिवा, असतो खरा, पण स्वस्तातल्यांचा तो बारीक असतो आणि खोलीतल्या ट्यूबपुढं दबतो. आणि उजेड कमी पडला तरी काय बिघडतंय, साज जागचा हलत नाही, ट्रायपॉड लावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सचं छिद्र) 11, शटर अर्धा सेकंद, टायमरवर क्लिक. कोल्हापुरी चप्पलचंही तसंच, लाइट एका बाजूनं खाली आणत न्यायचा, वेणीची वीण उठून दिसली की थांबायचं.

माणूस समोर आला की मात्र गणित पालटतं, आणि इथं लय जण फसतात. 200 वॉटचा एलईडी 1/200 सेकंदात 1 वॉट-सेकंद एवढीच वीज वापरतो, 200 वॉट-सेकंदाचा फ्लॅश फुल पॉवरला एका फटक्यात 200 सोडतो. एलईडी तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो हे धरलं तरी पाचेक स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक राहतोच, म्हणजे फ्लॅशवर आयएसओ 100 ला जो फोटो मिळतो त्याला एलईडीवर 3200 लागतं. वर डोळ्यात सतत उजेड गेला की लहान पोरं डोळे बारीक करतात, बाहुल्याही आकसतात, पोर्ट्रेटमध्ये ते चांगलं दिसत नाही. तालमीतला पैलवान अंगावर माती उडवतोय आणि कण न् कण गोठवायचाय, तर फ्लॅशच. फक्त एक बघून घ्या, स्पीडलाइटसारख्या (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) आयजीबीटी फ्लॅशमध्ये, म्हणजे ज्यात झपका इलेक्ट्रॉनिक स्विचनं मध्येच तोडला जातो त्यात, पॉवर कमी केली की झपका आणखी छोटा होतो, जुन्या पद्धतीच्या बऱ्याच स्टुडिओ फ्लॅशमध्ये उलट लांबतो.

फ्लॅशचा अजून एक फायदा कुणी बोलत नाही, 1/200 आणि एफ 8 ला खोलीतली ट्यूब, खिडकीचा उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही. एलईडीवर काम करताना ते सगळं बंद करावं लागतं, नाहीतर चेहऱ्याच्या एका बाजूला हिरवट झाक येते आणि एडिटिंगमध्ये ती काढताना जीव जातो.

रील्स, व्हिडिओ करणार असाल तर विषयच नाही, फ्लॅश तिथं उपयोगाचा नाही. पण एलईडीच्या आतल्या पंख्याचा आवाज दुकानात ऐकूनच लाइट घ्या, माइकमध्ये येतो.

एकच घ्यायचा असेल आणि पोट फॅमिली फोटो, बाळांचे फोटो, पासपोर्ट यावर असेल तर आधी फ्लॅश घ्या, दागिने आणि रील्सवर असेल तर एलईडी. दोन्हीकडं बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची एक प्रचलित खाच) बघा, म्हणजे सॉफ्टबॉक्स एकदाच घ्यावा लागतो, उद्या दुसरा लाइट आला की तोच त्याला बसतो. एलईडी घेताना सीआरआय (लाइट रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) 95 च्या वर पाहिजे, आणि आर 9 वेगळा विचारा, तो लाल रंगाचा आकडा आहे, तो पडला की कुंकू, शालू, चामड्याचा तांबूसपणा सगळं फिकं येतं. दुकानात पांढऱ्या भिंतीवर लाइट मारून, डिमर खाली आणून, 1/1000 ला दोन-चार फोटो काढा, आडवे पट्टे दिसले, म्हणजे लाइट लुकलुकतोय, तर तो तिथंच ठेवून या.