धंद्याचा फोन: अँड्रॉइड की आयफोन?

नंदुरबारला मिरचीचा व्यापार करणारा माझा मावसभाऊ पाच फोन घेणार आहे. दोन खरेदीला फिरणाऱ्या पोरांना, एक काट्यावर, एक दिवाणजींना आणि एक स्वतःला. परवा त्यानं विचारलं, "भाऊ, आयफोन लेऊ का अँड्रॉइडच बरा शे?" त्याला फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं, ते इथे नीट लिहितो. रावेर-सावद्याचे केळीवाले, धुळे-शहाद्याचे कापूसवाले आणि जळगावचे डाळ मिलवाले मला हेच विचारत असतात.

आमचा धंदा केळीचा, रावेर तालुक्यात. चार वर्षं दोन्ही प्रकारचे फोन एकाच कामाला वापरतोय. कधीच बंद न पडणारा फोन अजून कुणी बनवलेला नाही. म्हणून फोन अडला की माणूस किती वेळात परत कामाला लागतो, ते बघून मी फोन घेतो.

बांधावर आणि काट्यावर

मे महिना, दुपारचे दोन. घड उतरवून झालेत, गाडी भरतेय, शेतकरी काटा पावतीसाठी उभा आहे. फोन ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला. हातात घेतला तर आयफोनच्या काळ्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आणि फोन थंड होऊ द्या अशी सूचना. लिंबाच्या सावलीत दहा-बारा मिनिटं ठेवला तेव्हा चालू झाला. तोवर पावती मुकादमाच्या वहीतल्या पानावर लिहिली.

यात आयफोनला एकट्याला दोष देता येणार नाही. ॲपल फोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगते, सॅमसंगही तेच सांगते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणजे आपला उन्हाळा दोघांच्याही हिशोबाबाहेरचा. आमचे अँड्रॉइड फोनही तापतात. चार्जिंग थांबतं, पडदा मंद होतो. फरक असा की १२ हजारांचा फोन तापला तर पोरगा खिशातला दुसरा काढतो. ७० हजारांच्या फोनला जोडीला दुसरा कोण देणार? भावाची मिरची हिवाळ्यात येते, त्यामुळे त्याला ही अडचण कमी. केळीवाल्यांनी मात्र गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवायची सवय मोडलीच पाहिजे, फोन कुठलाही असो.

फोन उघडण्याचंही तसंच. केळीचा चीक बोटांवर वाळून काळा झाला की अँड्रॉइडचा ठशाचा सेन्सर ओळख देत नाही. आयफोन चेहरा बघतो, पण शेतात तोंडाला रुमाल बांधलेला असतो. आयफोन १२ पासूनच्या फोनमध्ये मास्क लावूनही फोन उघडण्याची सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. शेवटी आमची पोरं सहा आकडेच टाकतात.

काट्यावर मात्र निकाल सरळ आहे, अँड्रॉइड घ्या. कंबरेला अडकवायचा तो छोटा ब्लूटूथ प्रिंटर, ५८ मिमीच्या कागदाचा, अँड्रॉइड लगेच जोडून घेतो. आयफोनला तोच स्वस्तातला प्रिंटर बहुधा जुळत नाही. ॲपलची मान्यता असलेला किंवा ब्लूटूथ लो एनर्जी या कमी बॅटरी खाणाऱ्या ब्लूटूथवर चालणारा लागतो, वर बिलाच्या ॲपलाही तो ओळखता यावा लागतो. ब्लूटूथ वजनकाट्याचंही तेच. आम्ही घरातला आयफोन एकदा काट्यावर दिला आणि दोन दिवसांत परत आणला. काट्याच्या कामाला माझ्या दृष्टीनं हा एक मुद्दा पुरेसा आहे.

आता सिमकार्ड. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एक खरं सिम बसतं आणि दुसरं ई-सिम, म्हणजे कार्ड नसलेलं, फोनमध्येच चालू करायचं सिम असतं. आयफोन एअरमध्ये तर खऱ्या सिमला जागाच नाही. ई-सिम शहरात सोयीचं असेल. पण धडगावच्या रस्त्याला फोन पडून फुटला तर साधं सिम काढून बटनाच्या फोनमध्ये घालता येतं आणि पाच मिनिटांत भाव सांगता येतो. ई-सिम असं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. फिरणाऱ्या पोरांना दोन कंपन्यांची दोन खरी सिमं बसतील असाच फोन द्या. सातपुड्यात एका टेकडीवर एका कंपनीची रेंज येते, पुढच्या टेकडीवर दुसरीची.

पैशाचा फोन

इथे माझं मत उलटं होतं, आणि ते एका अनुभवानं झालं.

गेल्या लग्नसराईत आमच्या दिवाणजींच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फाईलच्या नावात शेवटी 'एपीके' होतं, म्हणजे ती पत्रिका नसून अँड्रॉइडचं ॲप होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. दाबल्यावर फोननं धोक्याची सूचना दिली, तीही त्यांनी पुढे ढकलली. त्या ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. त्याच रात्री खात्यातून ४८ हजार गेले. बँकेचे ओटीपी त्यांच्या फोनवर येत होते आणि तिथून चोरांकडे जात होते. ज्याच्या नंबरवरून पत्रिका आली, त्याचा फोनही तसाच बळी पडला होता. सकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली, थोडी रक्कम गोठवली गेली, बाकीची गेली ती गेलीच. दिवाणजी तीस वर्षं आमच्याकडे आहेत. 'पैसे माझ्या हातून गेले' म्हणून ते आठवडाभर नीट जेवले नाहीत. त्या माणसाचं तोंड आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

आयफोनवर एपीके फाईल चालतच नाही आणि ॲपला सगळे मेसेज वाचायची परवानगीही मिळत नाही. नंदुरबारला बसून आयफोन वापरणारा माणूस दुसऱ्या शंभर मार्गांनी फसू शकतो, खोट्या लिंकवर पासवर्ड देऊ शकतो, पण हा एक दरवाजा त्याला बंद आहे. आपल्या भागात आज सर्वात जास्त वापरला जाणारा दरवाजा मला तरी हाच दिसतो. ई-चलन, पीएम किसान, वीजबिल, सगळ्या नावांनी या फायली फिरतात.

म्हणून ज्या फोनवर चालू खातं आहे, तो आयफोन असेल तर मला शांत झोप लागते. तेवढा खर्च करायचा नसेल तर चांगल्या कंपनीचा एक वेगळा अँड्रॉइड घ्या. त्यात बँक आणि यूपीआय सोडून काही ठेवू नका. व्हॉट्सॲप त्यावर नकोच. अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायची परवानगी सेटिंगमध्ये बंद आहे ना, ते महिन्यातून एकदा बघा.

किती वर्षं चालेल?

ब्लॅकबेरी एके काळी धंद्याचाच फोन म्हणून ओळखला जायचा. ४ जानेवारी २०२२ ला त्याच्या जुन्या फोनच्या सेवा बंद झाल्या. विंडोज फोनचा आधार त्याच्याही आधी संपला होता. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्याबाबतीत ती भीती आज नाही. पण अँड्रॉइड म्हणजे एक कंपनी नव्हे, आणि लोक फसतात ते इथे. पिक्सेल ८ ला गुगलनं ७ वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही ६ वर्षांचा आहे. दुकानात त्याच किमतीत शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनला दोनच वर्षं मिळू शकतात. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही विचारायचं ते सुरक्षा अपडेट कुठल्या सालापर्यंत. आयफोनमध्ये हे विचारावं लागत नाही. २०१९ चा आयफोन ११ सुद्धा २०२५ ची आयओएस २६ घेतो.

अपडेट येणं चांगलं, पण कधीकधी अपडेटच घोटाळा करतं. मार्च २०२१ मध्ये ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या गुगलच्या वेबव्ह्यू नावाच्या भागात चूक झाली आणि जगभर अँड्रॉइडवरची ॲपं उघडता उघडता बंद पडू लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ नं नव्याकोऱ्या आयफोन ६ चं नेटवर्कच घालवलं आणि ॲपलला ते अपडेट तासाभरात मागे घ्यावं लागलं. दोन्हीकडचे हात पोळलेले आहेत. पाच फोन असतील तर सगळ्यांना एकाच रात्री अपडेट देऊ नका. मोठं अपडेट आधी एकावर घ्या आणि आठवडाभर बघा.

व्हॉट्सॲप २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, दोनेक तास बंद होतं. यूपीआय १२ एप्रिल २०२५ ला अडलं. अशा दिवशी हातातला फोन कुठला आहे यानं काही फरक पडत नाही. फोन करून भाव पक्का करा, रक्कम वहीत लिहा.

भाव ठरल्याचा पुरावा म्हणून कॉल रेकॉर्डिंग हवं असेल तर अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये ते आधीपासून आहे. आयफोनला ते आयओएस १८.१ पासून आलं, पण रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं समोरच्यालाही ऐकू जातं. मी स्वतः भाव व्हॉट्सॲपवर लिहून घेतो.

दुरुस्तीचं काम गावात कसं होतं तेही बघायला हवं. जास्त खपणाऱ्या अँड्रॉइडचा पडदा तालुक्याच्या गावी त्याच दिवशी बदलून मिळतो. आयफोनला अस्सल पडदा हवा तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि ॲपलची स्वतःची दुकानं महाराष्ट्रात मुंबई-पुण्यालाच आहेत. घेण्याआधी तुमच्यापासून जवळचं सेंटर कुठे आहे ते विचारा आणि फोन तिथे गेला तर ते चार दिवस काम कशावर करायचं ते ठरवून ठेवा. विकताना मात्र आयफोनला किंमत चांगली येते.

मग भावाला काय सांगितलं? पोरांना आणि काट्याला अँड्रॉइड, तिघांना एकाच मॉडेलचे, म्हणजे चार्जर आणि कव्हर एकमेकांना चालतील. दिवाणजींना आयफोन, एक मॉडेल जुना असला तरी चालेल, कारण खातं त्यांच्याकडे. त्याला स्वतःला हवा तो घे म्हटलं. आणि पेटीत एक बटनाचा फोन, चार्ज करून.

पुढच्या सोमवारी तो खरेदीला जाणार आहे. काट्यावरचा प्रिंटर पिशवीत घालून दुकानात ने आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच एक पावती काढून बघ, असं त्याला बजावलंय.