इंटरनेटवरचा घरचा फोन: आवाज झकास, पण लाईट गेल्यावर काय?

घरचा फोन इंटरनेटवर घेतलाय आणि आवाजाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, जुन्या लाईनवरची ती खरखर पार गेली. जुनाच हँडसेट राउटरच्या मागच्या फोनच्या पोर्टला लावला (पोर्ट नसेल तर छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो), लगेच टोन आला, आईला तर काही बदललंय हे कळलंही नाही.

पण घ्यायचा की नाही हे आवाजावरून नका ठरवू. जुन्या तांब्याच्या लाईनला वीज एक्स्चेंजमधूनच यायची, साधारण ४८ व्होल्ट, म्हणून घरात मिट्ट अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन असायचा. इथे राउटर बंद की फोन बंद, आणि फायबर असेल तर भिंतीवरचा तो ओएनटीचा डबाही (फायबरची तार घरात येऊन ज्याला लागते तो) बंद, कॉर्डलेस असेल तर त्याचा बेस पण. यूपीएस घ्याल तर हे सगळं त्याच्यावर लावा, नुसता राउटर चालू ठेवून काही उपयोग नाही. घरात म्हातारं माणूस एकटं असतं आणि मोबाईलला रेंज धड नाही, अशांनी बॅकअपची सोय केल्याशिवाय हा फोन घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पीडचं टेन्शन मात्र लोक उगाच घेतात. एका कॉलला १०० केबीपीएस सुद्धा लागत नाही. घोळ होतो तो अपलोडमध्ये, कोणी मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतला की शब्द तुटायला लागतात, आणि आवाज पोचायला १५० मिलिसेकंदाच्या वर वेळ लागला की दोघं एकदमच बोलतात, मग दोघं एकदमच थांबतात, वैताग नुसता! राउटरमध्ये क्यूओएस नावाचं सेटिंग (कोणाला इंटरनेट आधी मिळावं ते ठरवणारं) असेल तर त्यात फोनला पहिला नंबर द्या, आमच्याकडे त्याने बराच फरक पडला.

फॅक्स किंवा चोरीचा अलार्म फोन लाईनवर असेल तर तो चालेल का हे आधीच विचारून घ्या, बऱ्याचदा अडतं. आणि इमर्जन्सी कॉलसाठी बऱ्याच ठिकाणी तुम्ही नोंदवलेलाच पत्ता धरतात, तेव्हा घर बदललं की तो आधी बदला.

जुना नंबर ठेवायचा असेल तर पोर्टिंग पूर्ण होईपर्यंत जुनी लाईन अजिबात बंद करू नका, नाहीतर नंबर हातचा जाऊ शकतो.