तेरा फुटी जेट बोट, कँटरबरीच्या नद्या आणि "उलटते का?" : काही महिन्यांच्या वापरानंतर

न्यूझीलंडच्या कँटरबरी प्रांतात, क्राइस्टचर्चमध्ये राहून नदीवर जायचं तर जेट बोटीशिवाय, म्हणजे पाण्याचा झोत मागे फेकून पुढे जाणाऱ्या बोटीशिवाय गत नाही. म्हणून वसंतात एक सेकंड-हँड मिनी जेट घेतली. तेरा फूट लांब, ॲल्युमिनियमची, आत जेट स्कीचं इंजिन आणि जेट स्कीचाच पंप. उन्हाळाभर आणि पुढे पानगळ संपेपर्यंत ती वायमाकारिरी आणि राकाया या नद्यांवर चालवली. इथल्या मराठी मंडळींपैकी जो कोणी बोट बघतो तो पहिल्यांदा किंमत विचारतो आणि लगेच विचारतो, "उलटते का?" उलटते. कशी आणि कधी, ते नीट समजून घेतलं तरच घ्यावी, असं माझं मत झालं आहे. म्हणून हा अनुभव बराचसा त्याच प्रश्नाभोवती लिहितो आहे. बांधणाऱ्याचं नाव देत नाही, कारण पुढचं सगळं या मापाच्या कुठल्याही जेट बोटीला लागू पडतं.

या बोटीचा जन्मच इथला. बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात मॅकेंझी भागातल्या आयरिशमन क्रीक या आपल्या मेंढपाळीच्या जागेवर ती घडवली, कारण गोट्यांनी भरलेल्या उथळ नदीत पाण्याखाली पंखा (प्रोपेलर) असलेली बोट टिकत नव्हती. पाण्याचा झोत बोटीच्या तळाखाली न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर सोडला, तेव्हा वेग एकदम वाढला. १९६० साली याच बोटी कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या, आणि १९७७ साली एडमंड हिलरी जेट बोटींनीच गंगासागरहून गंगेतून हिमालयाकडे निघाले होते. वीतभर पाण्यावरून भरधाव जाणारी बोट चालवताना हॅमिल्टन यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता मुद्द्याचं. जेट बोटीला सुकाणू नसतं. स्टिअरिंग फिरवलं की मागचं नोझल वळतं आणि त्यातून निघणारा झोत बोटीला वळवतो. झोत थांबला की स्टिअरिंग नुसतं हातात उरतं, बोट ऐकत नाही. समोर ओंडका दिसला की गाडी चालवणारा माणूस आपसूक पाय उचलतो. इथे पाय उचलला की वळण्याची ताकदच गेली. स्टिअरिंग सरळ असेल तर बोट सरळ जाऊन ओंडक्यावर बसते. स्टिअरिंग वळवलेलं असताना वेगात पाय उचलला तर त्याहून वाईट: नाक खाली दबतं, मागची बाजू हलकी होते आणि गर्रकन फिरून पुढे येते. बोट आडवी झालेली असते, पण अजून जुन्याच दिशेला सरकत असते. त्या क्षणी पुढच्या अंगाची कड पाण्यात रुतली किंवा खाली खडीचा दांडा लागला, की धावत्या माणसाचा पाय उंबरठ्याला अडकावा तशी ती अडखळते आणि पलटी खाते. लांब बोटीला सावरायला थोडा अवकाश मिळतो. तेरा फुटांत तो जवळजवळ नाहीच.

म्हणून नियम उलटा शिकावा लागतो: अडथळा चुकवायचा तर गॅस देत वळायचं. थांबायचं तर आधी बोट सरळ करायची, मग गॅस हळूहळू कमी करायचा. एकदम थांबलात तर मागून आपलीच लाट येऊन बोटीत शिरते, तेही लक्षात ठेवा. माझ्या पंपाला रिव्हर्सचं छोटं बकेट, म्हणजे झोत पुढच्या दिशेला वळवणारं झाकण आहे. ते काठाशी मागेपुढे करायला उत्तम आहे, वेगात ब्रेक म्हणून ते कधीही वापरू नये. हे अंगवळणी पडायला मला रुंद, खोल, रिकाम्या पाण्यावर सराव करावा लागला. जेट बोटवाल्यांच्या क्लबातल्या जुन्या लोकांबरोबर बसून तो करा, पुस्तकी समजूत पुरत नाही. कोकणात मालवण-तारकर्लीला जेट स्की चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे: गॅस सोडला की ती वळायची थांबते.

गोल गिरकी मारण्याचा मोह प्रत्येक प्रवाशाला होतो, "एकदा फिरव ना!" पर्यटकांच्या बोटी ती मारतात, पण त्यांचे चालक त्यासाठी तयार केलेले असतात आणि ठरलेल्या जागीच मारतात. मी ती मारत नाही. नदीत पाण्याचा एक पट्टा खाली धावत असतो आणि शेजारचाच काठाकडे उलटा फिरत असतो. गिरकीत आडवी आलेली बोट त्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर सापडली तर कड धरायला पाणीच पुरेसं असतं, खडीचीही गरज नाही.

संथ वेगातला धोका लोकांना माहीत नसतो. इंजिन बंद पडलं, प्रवाहानं बोट आडवी नेऊन खडकाला किंवा पडलेल्या विलोच्या झाडाला टेकवली, की सगळे घाबरून खडकापासून लांब, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला सरकतात. ती बाजू खाली जाते, पाणी कठड्यावरून आत येतं आणि बोट बघता बघता भरते. करायचं नेमकं उलट: ज्या खडकाला बोट टेकली आहे त्याच्याकडे सगळ्यांनी झुकायचं. निघण्याआधी रॅम्पवरच मी हे प्रत्येकाला सांगतो आणि एकदा करूनही घेतो.

बोटीच्या तळाबद्दल थोडं. उथळ पाण्यासाठी हिचा तळ बराच सपाट आहे आणि त्यावर जाड प्लास्टिकची चादर बसवली आहे, त्यामुळे गोट्यांवरून ती घसरत जाते. सपाट तळ वळणात बाहेर घसरतो. सुरुवातीला याची भीती वाटते, पण घसरणं हे पकडून बसण्यापेक्षा बरं. फार जोरात वळलं की मात्र पंपाचं तोंड पाण्याबाहेर येतं, तो हवा ओढतो आणि ऐन वळणात झोत तुटतो. तळाच्या जाळीत शेवाळ किंवा खडे अडकले तरी तेच. आवाज वाढला आणि जोर वाढला नाही, तर काठाला लागून जाळी साफ करणं हाच उपाय.

वजन हा या बोटीचा सगळ्यात नाजूक भाग. दोन मोठी माणसं आणि सामान मध्यभागी खाली असेल तर ती गोड चालते. एक जण उभा राहिला की वळणात लगेच कळतं. तळाशी साचलेलं पाणीही वजनच: शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते बोट झुकेल तिकडेच धावतं. ते पाणी उपसणारा बिल्ज पंप रोज निघण्याआधी चालवून बघा.

उलटलीच तर? किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालकाच्या अंगाला बांधलेली हवी, म्हणजे इंजिन तिथेच थांबतं. लाइफजॅकेट अंगावर आणि घट्ट, सीटखाली नाही. बोट आणि खडक यांच्यामध्ये कधीही सापडू नका. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून वाहत जा, आणि पुढे झाडं आडवी दिसली तर बोटीचा नाद सोडून काठाकडे पोहा. या नद्यांत डोंगरावरचं बर्फ वितळून येतं, पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही. घळीत मोबाइल चालत नाही, म्हणून संकटाचा इशारा पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन मी खिशात ठेवतो. बोटीला बांधलेला बीकन बोटीबरोबर जातो.

निघण्याआधी नदीचा विसर्ग बघणं इथे फार गरजेचं. शहरात कोरडा, गरम नॉरवेस्टर वारा सुटलेला असतो, आकाश निळं असतं आणि त्याच वेळी इथल्या सदर्न आल्प्स डोंगरांत धो धो पाऊस पडून नदी फुगत असते. नदीचा कालचा फाटा आज नसतो. वेगाचा नियम काठापासून २०० मीटर आणि दुसऱ्या बोटीपासून किंवा पोहणाऱ्यापासून ५० मीटरच्या आत ५ नॉट आहे. नदीच्या काही भागांत प्रादेशिक परिषद सूट देते, ते आधी बघा. खडीवर पक्षी अंडी घालतात त्या महिन्यांत ती बेटं सोडून जा.

पेट्रोल खाते, गोंगाट करते, पाठीला हादरे देते. तरीही शिकायची तयारी असलेल्या दोघांसाठी मी ही बोट बिनधास्त सुचवीन. लहान मुलं घेऊन फिरायचं असेल तर पंधरा-सोळा फुटी, उंच कठड्यांची बोट बघा. जुनी घेताना आधी ट्रेलरखाली झोपून कडांची वेल्डिंग तपासा, इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चक्राच्या) पात्यांवर हाताचं बोट फिरवून बघा आणि मालकालाच चालवायला लावून त्याच्या शेजारी बसा. वळणात तो पाय उचलतो का, ते बघा.