व्हेराक्रिप्टमध्ये फायली हलवताना तारखा जपणं: आठ महिन्यांचा अनुभव

घरातले सातबारा, फेरफार, खरेदीखतं मी गेली काही वर्षं जमेल तशी स्कॅन करत आलोय. नावं सगळी ‘स्कॅन-१२’ छापाची. माझ्या जुन्या स्कॅनरच्या जेपीजींमध्ये आत कुठे तारीख नाही, त्यामुळे कोणता कागद कधी हाती आला याची एकच खूण उरते, ती म्हणजे फाइलची शेवटच्या बदलाची तारीख. कॅमेऱ्याच्या फोटोंची एवढी काळजी नसते, त्यांची वेळ फोटोच्या आतच, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते.

हे कागद कुलूपबंद ठेवायला मी व्हेराक्रिप्ट घेतला. तो कंटेनर नावाची एक कुलूपबंद फाइल बनवतो, पासवर्ड दिला की ती डिस्कसारखी उघडते. पहिल्याच दिवशी लिनक्सवर साध्या ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडने फोल्डर कंटेनरमध्ये टाकला आणि सगळ्या फायलींवर त्या संध्याकाळची तारीख बसली. जुनी डिस्क पुसली नव्हती म्हणून वाचलो. ‘सीपी -पी’ किंवा ‘आरसिंक -ए’ (आरसिंक म्हणजे आकार आणि तारीख बघून फक्त बदललेल्या फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम) वापरलं की मूळ तारीख सोबत येते. यात व्हेराक्रिप्टचा काही संबंध नाही. उघडलेला कंटेनर म्हणजे साधी डिस्कच, कॉपी करणारा प्रोग्रॅम जे लिहील ते खरं. विंडोजच्या एक्स्प्लोररने कॉपी केलं तर बदलाची तारीख टिकते, निर्मितीची मात्र आजची होते.

कंटेनर मी फॅट या फाइल-सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत) बनवला होता. फॅट बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत लिहिते, म्हणून आरसिंकला न बदललेल्या फायलीही बदललेल्या वाटायच्या आणि तो त्या पुन्हा पुन्हा कॉपी करायचा. एका सेकंदाचा फरक सोडून द्यायला सांगणारं ‘मॉडिफाय-विंडो=१’ दिल्यावर ते थांबलं. पुढे नवा कंटेनर एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल-सिस्टिममध्येच केला.

खरा धक्का तिसऱ्या महिन्यात बसला. रोज रात्री कंटेनरची फाइल बाहेरच्या डिस्कवर आरसिंकने जात होती, असं मी धरून चाललो होतो. एकदा तिथली प्रत उघडून पाहिली, तर दोन महिन्यांतलं एकही स्कॅन त्यात नाही! व्हेराक्रिप्ट कंटेनर बंद करताना त्या फाइलची जुनी तारीख परत बसवतो. कंटेनर कधी वापरला हे बाहेरून कळू नये म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती मुळातच चालू असते. कंटेनरचा आकार ठरलेला, तारीखही तीच, मग आरसिंक ‘काही बदललं नाही’ म्हणून पुढे जाणारच. बॅकअप लावताना हे वाचायला हवं होतं. प्रेफरन्सेसमधला कंटेनरची तारीख जपण्याचा पर्याय बंद केला आणि त्या रात्रीपासून बॅकअप नीट जातोय. पर्याय चालूच ठेवायचा असेल, तर ‘आरसिंक -सी’ आतला मजकूर ताडून बघतो, पण पूर्ण कंटेनर वाचावा लागत असल्याने वेळ फार जातो.

फोनसाठी क्रिप्टोमेटरही वापरतो. तो प्रत्येक फाइल वेगळी कुलूपबंद करतो, त्यामुळे क्लाउडवर फक्त बदललेलीच फाइल चढते. मात्र नावं आणि मजकूर लपला तरी तारखा व आकार झाकले जात नाहीत. जमिनीचे कागद म्हणूनच मी तिथे ठेवत नाही.

आता मूळ फोल्डर पुसण्याआधी ‘आरसिंक -एएनआय’ चालवतो. ‘एन’मुळे काही कॉपी होत नाही, फक्त फरक दिसतात. यादी रिकामी आली की मगच डिलीट.