पालवी फुटली म्हणजे मुळं धरली असं नव्हे

गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांच्या नुकत्याच खोचलेल्या काड्या ‘तयार कलम’ म्हणून सर्रास खपवल्या जातात. घेणारा फसतो तो पालवीला. काडीवर दोन-तीन लुसलुशीत फुटवे दिसले की रोप जगलं असं वाटतं. पण ते फुटवे काडीत आधीच साठलेल्या अन्नावर येतात. खाली एकही मूळ नसताना काडी पंधरा दिवसही हिरवी राहते. मग साठा संपतो, पानांतून उडालेलं पाणी भरून निघत नाही आणि रोप मान टाकतं. विकणारा म्हणतो, पाणी जास्त झालं. घेणाऱ्याला ते खरंही वाटतं, वाईट याचंच वाटतं.

गुलाब-जास्वंदाला मुळं धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, बोगनवेलीला बरेचदा त्याहून जास्त. म्हणून काडी कधी लावली ते आधी विचारा. मग पिशवीच्या तळाची भोकं बघा, तिथे पांढरी मुळं डोकावतात का. काडी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर उचला: मुळं असतील तर मातीसकट अडते, नसतील तर सुळकन वर येते. जोर लावू नका, कोवळी मुळं तुटतात. काही जण काडीच्या बुडाशी आलेली पांढरट गाठ दाखवून ‘मुळं सुटलीत’ म्हणतात. ती जखम भरल्याची खूण. गाठ येऊनही मुळं न येणाऱ्या काड्या पुष्कळ असतात.

होया केरी या वेलीचं हृदयाच्या आकाराचं एकुलतं पान रोप म्हणून विकणं ही तर उघड लूट आहे. पानाला मुळं येतात, ते वर्षानुवर्षं टवटवीत राहतं, पण देठासोबत डोळा (जिथून फुटवा येतो ती जागा) असलेला खोडाचा तुकडा नसेल तर वेल जवळजवळ कधीच फुटत नाही. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर नवी रोपं साधी हिरवी निघतात. पिवळा काठ हवा असेल तर गड्ड्यापासून वेगळं केलेलं पिल्लूच घ्या.

मुळं धरावीत म्हणून काडीच्या बुडाला लावायच्या रूटिंग पावडरच्या पुडीवर इंडोल ब्युटिरिक आम्लाचं, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण छापलेलं नसेल तर ती घेऊ नका, आत नुसती शंखजिऱ्याची पूडही असू शकते. कोवळ्या काडीला सुमारे 0.1 टक्का, जून काडीला 0.3 ते 0.8 टक्के लागतं.

बिनमुळांची काडी पदरात पडलीच, तर बूड बघा. काळं, मऊ झालं असेल तर टाकून द्या. टणक असेल तर डोळ्याच्या किंचित खाली नवा काप घ्या, कळ्या खुडा, दोनच पानं ठेवा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी जाडी वाळू अशा ओलसर मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. पिशवी रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी धरते.