‘हॅम्लेट’ (2000): मायक्रोफोन जमला, पिस्तूल फसलं

जुनी शोकांतिका आजच्या शहरात आणायची तर कपडे आणि गाड्या बदलणं सोपं असतं. घोडं अडतं ते नाटकातल्या वस्तूंपाशी. पडदा, पत्र, तलवार यांचं काम आता कशाकडून करून घ्यायचं? मायकेल आल्मरेडाच्या ‘हॅम्लेट’मध्ये डेन्मार्क ही न्यूयॉर्कमधली कंपनी आहे, हॅम्लेटचा काका क्लॉडियस तिचा प्रमुख आणि हॅम्लेट (ईथन हॉक) व्हिडिओ बनवत बसणारा मुलगा. संवाद शेक्सपिअरचेच, पण सपाटून कापलेले. अखंड नाटक चार तासांच्या घरात जातं. हा सिनेमा दोन तासांच्या आत आटोपतो.

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, म्हणजे हॅम्लेट आणि त्याची प्रेयसी ऑफिलिया यांची भेट, नीट बघा. आपलं बोलणं कुणीतरी चोरून ऐकतंय हे हॅम्लेटला कळतं का, आणि कळत असेल तर नेमकं कोणत्या वाक्याला? संहिता गप्प आहे. मग रंगमंचावर दिग्दर्शक पडदा हलवतात, नाहीतर मागे काहीतरी वाजवतात. इथे तिचा बाप पोलोनियस (बिल मरे) ऑफिलियाच्या कपड्यांत मायक्रोफोन लावून देतो आणि तिला जवळ घेताना तो हॅम्लेटला सापडतो. झालं! हा एवढा का पिसाळला, असा प्रश्नच उरत नाही. राहिलेला संताप तो तिच्या आन्सरिंग मशीनवर ओततो.

क्लॉडियसचा गुन्हा उघडा पाडायला रचलेलं नाटकातलं नाटक म्हणजे इथे हॅम्लेटने जोडलेली व्हिडिओफीत, हेही चपखल. स्वतःच्या मृत्यूचा हुकूम तो विमानात लॅपटॉपवर बदलून मित्रांच्या नावावर करतो. ‘जगावं की मरावं’ मात्र व्हिडिओच्या दुकानात, ‘ॲक्शन’ विभागातून फिरताना. मूळ इंग्रजी स्वगत त्याच शब्दावर येऊन थांबतं, म्हणून ही कोटी. एकदाच हसू येतं.

कबर खोदणाऱ्याचा प्रवेश जवळजवळ उडवलाय. शेवटच्या रक्तपाताआधीचा तो गार, विनोदी श्वास त्यामुळे मिळत नाही. आणि द्वंद्व तर फसलंच आहे. गच्चीवर हॅम्लेटशी तलवारबाजी चालू असताना ऑफिलियाचा भाऊ लेअर्टीझ पिस्तूल काढतो. पिस्तूल जवळ होतंच, तर तलवारींचा घाट कशाला? मुळात त्याची विष लावलेली तलवार अदलाबदलीत हॅम्लेटच्या हाती जाते आणि लेअर्टीझ स्वतःच्याच सापळ्यात मरतो. ती धार इथे बोथट होते. डायन व्हेनोराची राणी, म्हणजे हॅम्लेटची आई, पेल्यात विष आहे हे ओळखून तो उचलते, तेवढ्यापुरता प्रवेश सावरतो.

हॉक बऱ्याच ओळी पुटपुटतो, तेव्हा सबटायटल्स लावूनच बघा.