नाथसागरावरची गळाची मासेमारी: साहित्य उत्तम, पावती अपुरी

पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी हौशी मंडळींना गळाने मासे धरू देणारी एक छोटी खासगी सेवा चालते. गळ, रील, आमिष, जेवण आणि बसायची जागा हे सारे एकाच रकमेत मिळते आणि ती रक्कम वाजवी आहे. साहित्याबद्दल तक्रार नाही: रीळ गुंतत नव्हते, गळांना धार होती आणि शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून केलेल्या गोळ्यांना रोहू लागत होते. बाजरीच्या भाकरीसोबतचा झणझणीत रस्सा तर केवळ त्यासाठी जावे असा.

अडचण पाण्यापर्यंत पोचण्यात आहे. जायकवाडीचा जलाशय उथळ आणि पसरट असल्याने पातळी थोडी उतरली तरी पाणी बरेच आत सरकते. उघडी पडणारी काळी जमीन जलसंपदा विभागाची असली, तरी गाळपेर म्हणून ती हंगामापुरती कसायला दिली जाते. आमची वाट अशाच एका हरभऱ्यातून गेली. चिखलाने जड झालेल्या चपला हातात घेऊन आम्ही सरी ओलांडत असताना शेतकऱ्याने अडवून विचारले, ‘‘कुणाला विचारून आलात?’’ त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

हा काठ कुठे असेल, हे पावसाइतकेच राजकारणावरही ठरते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या आधारे 2014 मध्ये निघालेल्या आदेशानुसार, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि तुटीच्या वर्षी त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा अशा दोन्हीकडचे पुढारी पक्षभेद विसरून एकमेकांविरुद्ध उभे राहतात. त्या भांडणात सिंचन, उद्योग, पिण्याचे पाणी यांची बाजू मांडली जाते. गळ टाकून बसणाऱ्याची बाजू मांडणारा कुणी नाही, आणि खरे तर त्याची मागणी आधी ऐकावी असेही मला वाटत नाही. मात्र त्याने कुणाची परवानगी घ्यायची, एवढे तरी शासनाने एका जागी सांगावे.

कारण इथे मालक तीन आहेत. जमीन जलसंपदाची, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थेकडे, आणि 1986 पासून हे पक्षी अभयारण्य असल्याने प्रवेशाचा अधिकार वनविभागाचा. सेवेच्या चालकाने दिलेली पावती फक्त संस्थेची होती. दुपारी एका सरकारी कर्मचाऱ्याने वनविभागाची परवानगी मागितली, तेव्हा चालकाने कागद काढण्याऐवजी मोबाइल काढला, कुणा ‘भाऊं’शी दोन वाक्ये बोलून तो पुढे केला, आणि प्रकरण मिटले. बरोबरच्यांना हे कौतुकाचे वाटले. मला नाही, कारण आम्ही भरलेल्या पैशांत परवानगी नव्हतीच, होती ती ओळख. आणि सत्ता पालटली की अशी ओळख निरुपयोगी ठरते.

वनविभागाच्या परवानगीची छायाप्रत दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. हेच चालक ओळखीच्या शेततळ्यांवरही सोय करतात. तिथे मालकाखेरीज कुणाला विचारावे लागत नाही, पण मासे पाळलेले असल्याने दोरीला तशी ओढ बसत नाही.